गटातली दरी, गटागटांमधली दरी: उत्पन्नाची विषमता मोजायची कशी?

सातारा जिल्ह्यात कराडच्या बाजूला कृष्णा-कोयनेच्या पाण्यावर ऊस उभा असतो. त्याच जिल्ह्यात माण-खटावच्या माळावर दुष्काळी वर्षात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंड्यांची रांग लागते. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न काढलं की हे दोन्ही एकाच आकड्यात विरघळून जातं. १९८४ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने महाराष्ट्राचा अनुशेष मोजला, तेव्हा जिल्हा हे एकक धरलं होतं. ते काम मोठंच होतं. पण जिल्ह्याच्या सरासरीच्या पोटात काय दडलंय, हा प्रश्न तेव्हापासून आजवर निघत आला आहे.

म्हणून विषमता मोजायला बसलात की पहिल्याच दिवशी दोन प्रश्न वेगळे करा. एकाच गटातल्या माणसांमध्ये किती फरक आहे? आणि गटागटांच्या सरासरींमध्ये किती? पहिलीला गटांतर्गत विषमता म्हणायचं, दुसरीला गटागटांमधली. या दोन्ही मोजून त्यांची बेरीज एकूण विषमतेशी कशी जुळवायची, ते इथे सांगतो. लागेल ते एवढंच: कागद, पेन आणि मोबाइलमधला लॉगचं बटण असलेला कॅल्क्युलेटर. हातानं एकदा केलंत की पुढे कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला फसवणार नाही.

आधी उत्पन्न म्हणजे काय ते ठरवा

नवखी मंडळी थेट सूत्राकडे धावतात. माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त चुका सूत्राच्या आधीच होऊन गेलेल्या असतात.

एका जिरायती गावात ओट्यावर बसून मी विचारलं होतं, "मावशी, महिन्याचं उत्पन्न किती?" उत्तर आलं, "कसलं उत्पन्न, पोटापुरतं बघा." कागदावर काय लिहायचं? मग प्रश्न बदलला: "दुधाचा पगार कधी होतो?" मावशी आत गेल्या आणि डब्यातून डेअरीच्या बिलांची घडी घेऊन आल्या. दर दहा दिवसांचं एक बिल. त्यावर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर आणि खाली पशुखाद्याची कपात. एका मिनिटात वर्षभराचं दुधाचं उत्पन्न समोर आलं, तेही खर्च वजा जाऊन. वैरण मात्र बिलात नसते, ती वेगळी विचारावी लागते. मग खुरपणीची मजुरी, रोजगार हमीचे दिवस, दिवाळीआधी विकलेली दोन बोकडं, आणि घरच्या ज्वारीची पोती. ही ज्वारी विकलेली नसली तरी बाजारभावानं तिची किंमत उत्पन्नात धरायची. नाही धरली तर घरचं खाणारा शेतकरी कागदावर आहे त्याहून गरीब दिसतो.

थोरला मुलगा मुंबईत माथाडी कामगार, धाकटा गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात परराज्यात. त्यांची कमाई या घरात धरायची का? राष्ट्रीय नमुना पाहणीचा जुना नियम सोपा आहे: एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. मुलगा तिकडे जेवतो, म्हणून तो या कुटुंबात नाही, पण त्याने पाठवलेले पैसे मात्र या घरचं उत्पन्न. नियम कुठलाही धरा, सगळ्या घरांना तोच लावा आणि अहवालात लिहून ठेवा.

त्यानंतर कुटुंबाचं उत्पन्न माणसांच्या संख्येनं भागायचं. आठ जणांच्या घरातले चाळीस हजार आणि दोघांच्या घरातले चाळीस हजार एक नव्हेत. काही अभ्यासक संख्येऐवजी तिच्या वर्गमुळानं भागतात, कारण मोठ्या घरात भाडं, गॅस, वीज वाटून जाते. गावातल्या कामाला मी दरडोईच वापरतो, लोकांना ते समजावून सांगता येतं.

आणि एक महत्त्वाचा फरक. आपल्याकडची बहुतेक सरकारी आकडेवारी उत्पन्नाची नसून खर्चाची असते. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत २,६१,७४६ कुटुंबं होती आणि त्यात विचारला तो खर्च. खर्चावरची विषमता साधारणपणे कमी दिसते, कारण श्रीमंत माणूस कमावतो ते सगळं खर्च करत नाही आणि गरीब उसनवारी करून का होईना, खातो. त्या पाहणीत ग्रामीण भारताचा गिनी गुणांक (विषमतेचं माप, आकडा मोठा म्हणजे विषमता जास्त; काढायची रीत पुढे आहे) ०.२६६ आणि शहरी ०.३१४ आला. भारतीय मानव विकास सर्वेक्षणात २०११-१२ साली साधारण ४२ हजार कुटुंबांना प्रत्यक्ष उत्पन्न विचारलं होतं, आणि त्यावरून निघणारा गिनी ०.५ च्या वर जातो. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी ठेवून "विषमता निम्म्यावर आली" असं कुणी लिहिलं तर ते सरळ सरळ चूक आहे.

सरावासाठी दहा घरं

समजा एका गावात दोन वस्त्या आहेत. पाटाखालची बागायती वस्ती आणि वरची माळावरची. प्रत्येकी पाच घरं, सगळ्या घरांत माणसांची संख्या सारखीच. दरडोई मासिक उत्पन्न हजार रुपयांत असं (आकडे सरावासाठी बनवलेले आहेत):

बागायती वस्ती: ४, ६, ८, १२, २०. बेरीज ५०, सरासरी १०.
माळावरची वस्ती: २, ३, ४, ५, ६. बेरीज २०, सरासरी ४.
सगळं गाव: बेरीज ७०, सरासरी ७.

हे आकडे वहीत लिहून घ्या. पुढचं सगळं यांच्यावरच आहे.

गिनी काढा, आणि तो कुठे अडतो ते बघा

इटलीच्या कोर्राडो गिनी यांनी १९१२ मध्ये मांडलेला हा गुणांक सगळ्यांना ऐकून माहीत असतो. शून्य म्हणजे सगळे सारखे. एकाकडेच सगळं असेल तर तो १ च्या जवळ जातो. काढायची रीत: उत्पन्नं चढत्या क्रमाने लावा, प्रत्येकाला त्याच्या क्रमांकाने गुणा, बेरीज करा. त्या बेरजेची दुप्पट करून तिला (घरांची संख्या × एकूण उत्पन्न) याने भागा. त्यातून (घरांची संख्या + १) ÷ घरांची संख्या वजा करा.

आपल्या गावाची क्रमवारी २, ३, ४, ४, ५, ६, ६, ८, १२, २०. क्रमांकाने गुणून बेरीज ५११. दुप्पट १०२२, भागिले ७००, म्हणजे १.४६. वजा १.१. गिनी ०.३६.

तसाच बागायती वस्तीचा ०.३०४ येतो आणि माळावरचा ०.२०. आता नवशिका काय करतो, या दोघांची सरासरी काढून तिला "गटांतर्गत" म्हणतो आणि उरलेलं ते "गटागटांमधलं". असं चालत नाही. गिनीची फोड करताना प्रत्येक गटाच्या गिनीला लोकसंख्येतल्या वाट्याने आणि उत्पन्नातल्या वाट्याने, दोन्हींनी गुणावं लागतं. बागायतीचा लोकसंख्येत वाटा ०.५, उत्पन्नात ५०/७०. तसं केल्यावर गटांतर्गत भाग ०.१३७ येतो. सरासरींमधल्या फरकाचा भाग, म्हणजे सगळ्यांना आपापल्या वस्तीची सरासरी दिली तर येणारा गिनी, ०.२१४. बेरीज ०.३५१. पण एकूण तर ०.३६ आहे! उरलेले ०.००९ कुठे गेले?

ते गेले दोन वस्त्यांच्या एकमेकींत शिरण्यात. बागायती वस्तीतला ४ हजारवाला माणूस माळावरच्या ५ आणि ६ हजारवाल्यांपेक्षा गरीब आहे. गट असे एकमेकांवर चढले की गिनीत तिसरा तुकडा निघतो आणि तो ना घरचा ना घाटाचा. इथे तो लहान आहे. पण जातीगट, धर्मगट किंवा जिल्हे घेतलेत तर उत्पन्नं एवढी सरमिसळ असतात की हा तुकडा चांगलाच मोठा होतो. म्हणून एकूण विषमता सांगायला गिनी ठेवा, फोड करायला दुसरं माप घ्या.

फोड करायचं माप: थाइल

डच अर्थशास्त्रज्ञ हेन्री थाइल यांनी १९६७ मध्ये माहितीशास्त्रातली एन्ट्रॉपीची, म्हणजे वाटणी किती विखुरलेली आहे ते मोजण्याची, कल्पना विषमतेला लावली. त्यातून दोन भावंडं निघाली, थाइल टी आणि थाइल एल. नवख्याने एलपासून सुरुवात करावी. ते सोपं आहे आणि त्याची फोड तंतोतंत जुळते, काहीही उरत नाही.

प्रत्येक घरासाठी सरासरी भागिले त्या घरचं उत्पन्न, त्याचा नैसर्गिक लॉग घ्यायचा. मग सगळ्यांची सरासरी. झालं थाइल एल. (कॅल्क्युलेटरवर लॉगची दोन बटणं असतात. दहाच्या पायाचं नको, नैसर्गिक लॉगचं (ln) दाबा. या एका बटणापायी मी विद्यार्थ्यांचे दिवसच्या दिवस वाया गेलेले पाहिले आहेत.)

माळावरची वस्ती घेऊ, सरासरी ४.
२ चं: ४/२ = २, लॉग ०.६९३.
३ चं: ४/३, लॉग ०.२८८.
४ चं: १, लॉग ०.
५ चं: ०.८, लॉग वजा ०.२२३.
६ चं: ०.६६७, लॉग वजा ०.४०५.
बेरीज ०.३५२ (इथे आणि पुढे बेरजा लॉगचे सगळे दशांश धरून केल्या आहेत, म्हणून शेवटच्या अंकात एकाचा फरक दिसेल), भागिले ५. थाइल एल ०.०७०.

वजा चिन्ह बघून घाबरू नका. सरासरीच्या वरच्या घरांचा लॉग वजाच येणार. पण एकूण बेरीज कधीही शून्याच्या खाली जात नाही. गेली तर कुठेतरी सरासरी चुकली आहे.

बागायती वस्तीचं असंच काढा, ०.१५५ येईल. आणि सगळ्या गावाचं, सरासरी ७ धरून, ०.२१४.

आता फोड. गटांतर्गत भाग म्हणजे प्रत्येक गटाचा थाइल एल गुणिले त्याचा लोकसंख्येतला वाटा:
०.५ × ०.१५५ + ०.५ × ०.०७० = ०.११३.

गटागटांमधल्या भागासाठी मनात एक प्रयोग करा. प्रत्येक वस्तीतल्या सगळ्यांना आपापल्या वस्तीची सरासरी वाटून दिली, बागायतीत सगळे १० आणि माळावर सगळे ४, तर गावात किती विषमता उरेल?
०.५ × लॉग(७/१०) + ०.५ × लॉग(७/४) = वजा ०.१७८ + ०.२८० = ०.१०१.

०.११३ अधिक ०.१०१, बरोबर ०.२१४. एक पैसा इकडचा तिकडे नाही. पहिल्यांदा हे जुळताना बघितलं त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला होता, आणि तुम्हालाही होईल अशी खात्री आहे.

म्हणजे एकूण विषमतेपैकी ४७ टक्के वस्त्यांच्या मधली आणि ५३ टक्के वस्त्यांच्या आतली.

थाइल टीमध्ये भारांक, म्हणजे प्रत्येक गटाला दिलेलं वजन, लोकसंख्येचा नसून उत्पन्नाच्या वाट्याचा असतो. त्याने याच दहा घरांचे आकडे ०.२२१ एकूण, ०.१२६ आतली, ०.०९५ मधली असे येतात, म्हणजे मधला वाटा ४३ टक्के. एकच गाव, दोन उत्तरं, आणि दोन्ही बरोबर. एल हे माप तळाच्या माणसांकडे जास्त लक्ष देतं, टी वरच्यांकडे. अहवालात दोन्ही द्या. आणि कुठल्या मापाने ते न सांगता "४७ टक्के" कधीही लिहू नका.

इथे थांबा: हा टक्का वाचायचा कसा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे झालेल्या चुकीची किंमत आकडे काढणारा मोजत नाही, ज्यांचे आकडे असतात ते मोजतात.

असा विचार करा. एका तालुक्यात पाच टक्के लोक कातकरी पाड्यांवर राहतात आणि समजा त्यांचं सरासरी उत्पन्न इतरांच्या बरोबर निम्मं आहे, ५० विरुद्ध १००. एकूण सरासरी ९७.५. गटागटांमधला थाइल एल काढा:
०.०५ × लॉग(९७.५/५०) + ०.९५ × लॉग(९७.५/१००) = ०.०३३ वजा ०.०२४ = ०.००९.

तालुक्याची एकूण विषमता ०.२५ असेल तर गटागटांमधला वाटा चार टक्क्यांहूनही कमी. आणि मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, "बघा, ९६ टक्के विषमता तर गटांच्या आतलीच आहे, पाड्यांसाठी वेगळी योजना कशाला?" गणितात चूक नाही, वाचण्यात घोर चूक आहे. पाड्यावरचं माणूस निम्म्यावर जगतंय, ही गोष्ट त्या चार टक्क्यांनी तसूभरही लहान होत नाही. टक्का लहान आला तो गट लहान आहे म्हणून. विशेष असुरक्षित आदिवासी गटांमध्ये महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड येतात. असे लहान समूह या हिशोबात कायमच दिसेनासे होतील.

म्हणून तीन गोष्टी एकत्र द्यायच्या. एक, गटांच्या सरासरी शेजारी शेजारी, रुपयांत. दोन, फोडीतले टक्के. आणि तीन, मधली विषमता जास्तीत जास्त किती होऊ शकली असती त्याच्याशी तुलना. ही तिसरी गोष्ट क्रिस एल्बर्स, पीटर लांजूव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलेली. ती अवघड नाही. गटांचे आकार तेच ठेवा आणि सगळी घरं क्रमाने लावून गरिबातली गरीब पाच एका गटात, उरलेली पाच दुसऱ्यात टाका. आपल्या गावात खालची पाच २, ३, ४, ४, ५, सरासरी ३.६. वरची पाच ६, ६, ८, १२, २०, सरासरी १०.४. मधला थाइल एल येतो ०.१३५. याहून जास्त या गावात होऊच शकत नाही. प्रत्यक्षात होता ०.१०१, म्हणजे कमाल मर्यादेच्या ७५ टक्के.

४७ टक्के वाचून "निम्म्याहून कमी" वाटलं होतं. ७५ टक्के वाचल्यावर कळतं की पाटाची रेघ जवळजवळ गरीब-श्रीमंतीची रेघ झाली आहे.

खरे आकडे हाताळताना

२०२२-२३ च्या पाहणीत महाराष्ट्रात दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,०१० रुपये आणि शहरी भागात ६,६५७ रुपये निघाला. ग्रामीण ५५ आणि शहरी ४५ टक्के लोकसंख्या धरली (२०११ च्या जनगणनेच्या जवळचं प्रमाण) तर सरासरी साधारण ५,२०० आणि गाव-शहर यांच्यामधला थाइल एल ०.०३२. शहरातला माणूस ६६ टक्के जास्त खर्च करतो, आणि मापात तो फरक ०.०३२ दिसतो. हे स्वतः करून बघा, पाच मिनिटं लागतील. मुंबईतलं घरभाडं आणि गावातलं घरभाडं एक नाही, त्यामुळे किमतींचा फरक काढून टाकल्यावर हा आकडा आणखी कमी होईल.

घराघराचे आकडे सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून नाव नोंदवून फुकट उतरवता येतात. त्यात प्रत्येक कुटुंबासमोर एक मल्टिप्लायर असतो: हे एक घर देशातल्या किती घरांच्या वतीने बोलतंय ती संख्या. तो न लावता काढलेली सरासरी निरुपयोगी समजा. आणि माणसांची विषमता हवी असेल तर मल्टिप्लायरला कुटुंबातल्या माणसांच्या संख्येनेही गुणा. हे दुसरं गुणणं हमखास राहून जातं.

शून्य आणि उणे उत्पन्न ही शेतीतली रोजची गोष्ट आहे. कांदा पडला, टोमॅटो रस्त्यावर टाकला, वर्ष तोट्यात गेलं. लॉगला शून्य चालत नाही. अशी घरं गुपचूप गाळली की सगळ्यात अडचणीतली माणसंच हिशोबातून नाहीशी होतात. किती घरं आहेत ते मोजा, ती कुठल्या गटातली आहेत ते लिहा, त्यांच्यासाठी गिनी किंवा खर्चाचा आकडा वापरा. एका गटातच ती जास्त असतील तर तेच तुमचं सगळ्यात मोठं निरीक्षण असू शकतं.

वरच्या टोकाला उलट अडचण. पैसेवाला माणूस पाहणी करणाऱ्याला बंगल्याच्या फाटकातूनच परत पाठवतो, किंवा निम्मंच सांगतो. समजा आपल्या २० हजारवाल्याचं खरं उत्पन्न ४० हजार होतं. गिनी ०.३६ वरून ०.४८ वर जातो आणि थाइल एल ०.२१४ वरून ०.३९६ वर. एका घराने खरं सांगितलं तर एवढं! गंमत म्हणजे वस्त्यांमधला वाटा ४७ टक्क्यांवर जवळपास तसाच राहतो, कारण त्या घराने आतली दरीही वाढवली आणि मधलीही. दरवेळी असं होईलच असं नाही, म्हणून सगळ्यात वरचं एक घर काढून आणि दुप्पट करून, दोन्ही वेळा हिशोब परत करायची सवय लावा.

गट किती करायचे हाही तुमच्याच हातातला निर्णय असतो. वस्तीचे आणखी तुकडे केलेत, बागायतीत उसाचे वेगळे नि भाजीचे वेगळे धरले, तर मधला वाटा वाढतो किंवा तेवढाच राहतो, कमी कधी होत नाही. म्हणून दोन अहवालांतले टक्के तुलनेला घेताना आधी गटांची संख्या बघा. दहा जिल्ह्यांची फोड आणि दोन विभागांची फोड यांची तुलना करून काही सिद्ध होत नाही.

मोठ्या फाइली संगणकावर कराव्या लागतातच. 'स्टाटा' या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इनेकडेको' (ineqdeco) ही तयार आज्ञा आहे, तशाच 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये 'इनेक' (ineq) हे पॅकेज. साध्या एक्सेलमध्येही तीन रकान्यांत काम होतं: उत्पन्न, गटाचं नाव, आणि सरासरी भागिले उत्पन्नाचा लॉग. पण काहीही वापरलंत तरी आधी वरची दहा घरं त्यात घाला. ०.२१४, ०.११३ आणि ०.१०१ हे तीन आकडे आले, तरच खरी फाइल उघडा.